ज्यांचें स्वतःचें कांहीं नाहीं : फ्रान्सिस्कन बंधूंचीं तीन व्रतें

(मंडळीच्या अभ्यासवर्गासाठीं. वाचावयाचे शास्त्रभाग : मत्तय १०:५–१५, मार्क १०:१७–३१, प्रेषितांचीं कृत्यें ४:३२–३७, १ पेत्र २:१३–१७.)

चांदा व गडचिरोली या रानमुलखांतील आमच्या वाचकांस संन्यासी म्हणजे काय हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. झोळी घेऊन दारीं येणारा बैरागी त्यांनीं पाहिला आहे, आणि महाशिवरात्रीस मार्कंड्याच्या यात्रेंत वैनगंगेच्या कांठीं उतरणारे साधूही पाहिले आहेत. म्हणून गांवांतील एखादा शेजारी जेव्हां आमच्या लोकांस विचारतो कीं, "तुमच्यांत संन्यासी असतात काय?" तेव्हां तो थट्टा करीत नसतो. ज्या धर्मासाठीं कोणी सर्वस्व सोडीत नाहीं, तो धर्म कितपत खरा, असें त्याच्या मनांत असतें. आमच्यांतील पुष्कळ जण "आमच्यांत तसें कांहीं नाहीं" एवढें सांगून मोकळे होतात. हें उत्तर अपुरें आहे. ख्रिस्ती मंडळींत संन्यास आहे, तो फार जुना आहे, आणि त्याचा एक प्रवाह आपल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्यास सातशें वर्षांपूर्वींच लागला होता. तो प्रवाह म्हणजे असीसी येथील फ्रान्सिस यांच्या मागें चालणाऱ्या बंधूंचा.

फ्रान्सिस यांचा जन्म इटलींतील असीसी या गांवीं ११८१ किंवा ११८२ सालीं झाला. बाप पिएत्रो दि बेर्नार्दोने हे कापडाचे मोठे व्यापारी. मुलाच्या हातांत पैसा खेळत असे. तारुण्यांत त्यांनीं युद्ध पाहिलें, कैद भोगिली, आजार काढिला, आणि मग त्यांचें मन व्यापारांत रमेना. मोडकळीस आलेल्या एका मंदिराच्या दुरुस्तीसाठीं त्यांनीं बापाच्या दुकानांतील कापड विकून टाकिलें. बापानें त्यांस बिशपापुढें उभें केलें. तेथें फ्रान्सिस यांनीं पैसे परत दिलेच, पण अंगावरचीं वस्त्रेंही काढून बापापुढें ठेविलीं. ही गोष्ट १२०६ च्या सुमाराची.

परंतु आपला पालट कोठें झाला हें सांगतांना त्यांनीं या प्रसंगाचें नांव घेतलें नाहीं. मरणापूर्वीं लिहविलेल्या मृत्युपत्रांत ते महारोग्यांची आठवण काढतात. पापांत असतां महारोग्याकडे पाहणेंही आपणांस अत्यंत कडू वाटे. प्रभूनेंच आपणांस त्यांच्यामध्यें नेलें, आणि मग जें कडू होतें तें गोड झालें, असा त्यांच्या सांगण्याचा भाव आहे. वरोऱ्याजवळच्या वाचकांस येथें बाबा आमटे यांची आठवण झाल्याशिवाय राहणार नाहीं. तुळशीराम नांवाच्या मरणोन्मुख रोग्यास पाहून ते प्रथम भयानें मागें सरले, आणि त्या भयाचीच लाज वाटून पुढें महारोगी सेवा समिति व आनंदवन उभें राहिलें. बाबा आमटे फ्रान्सिस्कन नव्हते व ख्रिस्तीही नव्हते. पण भय ओलांडल्यावांचून सेवा सुरू होत नाहीं हें दोन्ही ठिकाणीं सारखेंच दिसतें.

फ्रान्सिस यांच्याभोंवतीं बंधु जमूं लागले. १२०९ सालीं पोप तिसरे इनोसंट यांनीं त्यांस तोंडी परवानगी दिली, आणि १२२३ सालीं पोप तिसरे होनोरियस यांनीं त्यांचा नियम लेखी मान्य केला. तो नियम केवळ बारा लहान अध्यायांचा आहे. आमच्या पुष्कळ मंडळ्यांची घटना त्याहून लांब असते! त्याचा आरंभच असा कीं, या बंधूंनीं प्रभु येशूच्या सुवार्तेप्रमाणें चालावें, आणि तें आज्ञापालनांत, स्वतःचें कांहीं न ठेवतां, व ब्रह्मचर्यांत राहून. हींच तीन व्रतें. बंधूंच्या कमरेच्या दोरीस तीन गांठी असतात, त्या याच तीन व्रतांच्या खुणा समजतात.

ब्रह्मचर्याविषयीं आम्ही फार लिहीत नाहीं. हें व्रत सर्वच संन्याशांचें आहे, आणि विवाह हा कमी प्रतीचा मार्ग आहे असें आम्ही मानीत नाहीं. ज्यास गांवोगांव फिरावयाचें आहे, ज्यास घर नाहीं, उद्यांच्या भाकरीची तरतूद नाहीं, त्यानें बायकोमुलांस त्या हालांत ओढूं नये, हें तर साधा मनुष्यही समजेल.

आज्ञापालनाचें व्रत मात्र जरा थांबून पाहण्याजोगें आहे. फ्रान्सिस यांनीं आपल्या संघांतील अधिकाऱ्यांस मठाधिपति अथवा महंत असें म्हणूं दिलें नाहीं. त्यांस सेवक हा अर्थ असलेला शब्द दिला. नियमांत असें सांगितलें आहे कीं, धनी जसा चाकराशीं बोलतो, तसें कोणाही बंधूस त्या अधिकाऱ्याशीं बोलतां आलें पाहिजे. कारण सेवकांनीं सर्व बंधूंचे चाकर असणें हेंच योग्य. आज्ञा पाळावयाची खरी, पण जी आज्ञा आपल्या आत्म्यास किंवा नियमास विरुद्ध जाईल ती पाळण्याचें बंधन नाहीं. गांवच्या मंडळींत पंचांचें ऐकत नाहींत अशी ओरड नेहमीं ऐकूं येते. ज्या पंचांशीं मंडळींतील गरिबांतला गरीब मनुष्य मोकळेपणानें बोलूं शकतो, त्यांच्याविषयीं अशी ओरड आम्हीं फारशी ऐकिली नाहीं.

आतां तिसरें व्रत. फ्रान्सिस यांचा सर्व जीव यांतच होता. पूर्वींच्या मठांतूनही संन्याशाची खासगी मालमत्ता नसे. पण मठाची असे. शेतें, गिरण्या, कुळें, सर्व कांहीं मठाच्या नांवावर. प्रेषितांच्या कृत्यांतील पहिल्या मंडळीचें उदाहरण ते देत, आणि तें उदाहरण खरेंच आहे. आपल्या जिल्ह्यांतही त्यासारखी एक गोष्ट घडली आहे. धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या गोंडांच्या गांवानें २०१३ सालीं, १९६४ च्या ग्रामदान कायद्यास अनुसरून, आपल्या खासगी जमिनी ग्रामसभेच्या स्वाधीन करण्याचें ठरविलें. ज्या जिल्ह्यांत बांधावरून भाऊ भावाचें तोंड पाहत नाहीं, तेथें हें सोपें नव्हतें. परंतु फ्रान्सिस याच्याही पुढें गेले. त्यांच्या बंधूंनीं एकेकट्यानेंही कांहीं बाळगूं नये, आणि सर्वांनीं मिळूनही बाळगूं नये. घर नाहीं, जागा नाहीं, कोणतीच वस्तु नाहीं. या जगांत परके व प्रवासी होऊन फिरावें, आणि लागेल तेव्हां न लाजतां भिक्षा मागावी.

नाण्यास तर हात लावूं नये. स्वतः नाहीं आणि दुसऱ्याच्या हस्तेंही नाहीं. ज्यांस काम करतां येतें त्यांनीं प्रामाणिकपणें काम करावें, आणि मोबदला म्हणून अन्न, वस्त्र, गरजेची वस्तु घ्यावी, पैसा नव्हे. अंगरखे दोन, तेही हलक्या कापडाचे व गोणपाटाचीं ठिगळें लाविलेले चालतील. गरज नसतां घोड्यावर बसूं नये. ज्या घरीं जातील तेथें जें वाढलें जाईल तें खावें. आणि हें सर्व करीत असतां, मऊ व रंगीत कपडे घालणाऱ्यांस व चांगलें खाणाऱ्यांस तुच्छ मानूं नये, असेंही त्यांनीं मुद्दाम लिहून ठेविलें. त्यागाचा गर्व किती लौकर चढतो हें त्यांस ठाऊक होतें.

स्वयंपाकघराची एक लहानशी गोष्ट त्यांच्या सोबत्यांनीं सांगितली आहे. दुसऱ्या दिवशीं शिजवावयाचीं कडधान्यें आचारी आदल्या संध्याकाळीं भिजत घालीत असे. फ्रान्सिस यांनीं तेंही बंद करविलें. उद्यांची चिंता करूं नका असें प्रभूनें सांगितलें आहे, तर उद्यांचे दाणे आज कां भिजवावे? आमच्या गृहिणी हें वाचून हंसतील, आणि त्यांचें हंसणें वाजवी आहे. पोरांचें घर असें चालत नाहीं. पण त्यांचें मन किती दूरवर गेलें होतें हें यावरून कळतें.

इतका हट्ट कां? याचें उत्तर त्यांनीं असीसीच्या बिशपास दिलें होतें असें सांगतात. बिशप म्हणाले, तुमचें जिणें फार खडतर आहे. त्यावर ते म्हणाले कीं, आमच्याजवळ मालमत्ता असती तर तिच्या रक्षणासाठीं आम्हांस शस्त्रें लागलीं असतीं. मालमत्तेतूनच तंटे व खटले उठतात, आणि देवावरील व शेजाऱ्यावरील प्रीतीस अडथळा होतो. या व्रताची किल्ली आम्हांस येथें सांपडते. उपाशी राहण्यांत पुण्य आहे असें फ्रान्सिस यांनीं म्हटलेलें नाहीं. ज्याच्याजवळ राखावयाचें कांहीं नाहीं त्यास कोणाचें भय नाहीं, आणि त्याचेंही भय कोणास वाटत नाहीं. म्हणून तो कोणाच्याही दारीं जाऊं शकतो. १२१९ सालीं धर्मयुद्ध ऐन भरांत असतां ते इजिप्तमध्यें सुलतान अल-कामिल यांच्या छावणींत शस्त्रावांचून गेले व सुखरूप परत आले, तें याच बळावर. १२२१ च्या नियमांत मुसलमानांमध्यें जाणाऱ्या बंधूंस दोन मार्ग सांगितले आहेत. पहिला असा कीं, वादविवाद व भांडण न करितां देवासाठीं प्रत्येक मनुष्याच्या अधीन राहावें, आणि आपण ख्रिस्ती आहों हें कबूल करावें. उपदेशाचा मार्ग दुसरा. तो देवाच्या इच्छेस येईल तेव्हां. पेत्राच्या पत्रांतील नेमलेला भाग या ठिकाणीं वर्गांत वाचावा.

येथें आमच्या उपदेशकांस एक इशारा देणें जरूर आहे. फ्रान्सिस श्रीमंताचे पुत्र होते. त्यांनीं जें सोडिलें तें त्यांच्याजवळ होतें. उन्हाळ्यांत तेंदूचीं पानें तोडून, मोहाचीं फुलें वेंचून, पावसाअभावीं धान गेल्यावर मजुरीस परमुलखीं जाऊन जें कुटुंब दिवस काढतें, त्याचें दारिद्र्य हें व्रत नव्हे. तें त्याच्यावर लादलेलें आहे. त्या घरांत जाऊन गरिबी हेंच मोठें धन आहे असा बोध करणें म्हणजे फ्रान्सिस यांचें नांव घेऊन त्यांच्या उलट वागणें होय. त्यांनीं असीसीच्या महारोग्यांस कधीं सांगितलें नाहीं कीं, तुमची स्थिति धन्य आहे, तशीच राहूं द्या. ते जाऊन त्यांच्या जखमा धूत बसले.

बंधूंच्या प्रार्थनेविषयींही दोन शब्द सांगूं. त्यांच्यांतील शिकलेले बंधु नेमलेलीं स्तोत्रें म्हणत. पण पुष्कळ बंधु निरक्षर होते, आणि नियमांत त्यांस अक्षरें शिकण्याची सक्ती नाहीं. त्यांच्यासाठीं प्रभूची प्रार्थना ठरविली होती : रात्रींच्या उपासनेस चोवीस वेळां, पहांटेच्या स्तवनास पांच, दिवसाच्या चार प्रहरांस सात सात, सायंकाळीं बारा, आणि निजण्यापूर्वीं सात. एकूण शाहत्तर वेळां. प्रार्थना मोजण्याची ही रीत आम्हांस परकी वाटते, आणि मत्तयाच्या सहाव्या अध्यायांत प्रभूनें व्यर्थ बडबडीविषयीं जो इशारा दिला तो आम्हीं विसरूं नये. तरी ज्या म्हाताऱ्या बाईस वाचतां येत नाहीं, जिला उपासनेंत कोणी कांहीं विचारीत नाहीं, तिच्यासाठीं दिवसाचा प्रत्येक प्रहर राखून ठेवणारा हा नियम होता. आमच्या वर्गांत तिच्यासाठीं काय राखलेलें असतें?

आतां हे बंधु आपल्या मुलखांत कसे आले तें पाहूं. फ्रान्सिस १२२६ सालीं मरण पावले, आणि शंभर वर्षांच्या आंत त्यांचे चार बंधु चीनकडे जात असतां मुंबईजवळील ठाणें येथें उतरले. तोलेंतीनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे देमेत्रियस. यांपैकीं शेवटले दुभाषाचें काम करणारे साधे बंधु होते. थॉमस यांचा पूर्ववृत्तांत आमच्या विषयास फार लागू आहे. तरुणपणीं त्यांनीं अकिंचनतेचें व्रत ढिलें करण्यास विरोध केला, म्हणून खुद्द त्यांच्याच संघानें त्यांस तुरुंगांत टाकिलें होतें. कारण संघ वाढला होता, मोठीं मंदिरें उभीं राहिलीं होतीं, आणि इमारत नांवानें पोपची, वापर मात्र बंधूंचा, अशी कागदी व्यवस्था चालूं झाली होती. थॉमस यांस ती मान्य नव्हती. सुटका झाल्यावर ते आर्मेनियास व तेथून पूर्वेकडे गेले. ठाण्यास ते एका सीरियन ख्रिस्ती कुटुंबांत उतरले होते. काजीपुढें त्यांस धर्माविषयीं प्रश्न विचारण्यांत आले. त्यांनीं उत्तरें दिलीं, आणि १३२१ च्या एप्रिलांत ते चौघेही मारले गेले. त्यांच्या सोबतचे डोमिनिकन संघाचे जोर्दानुस त्या वेळीं दुसरीकडे गेले होते, म्हणून वांचले. त्यांनीं प्रेतें सोपारा येथें पुरलीं. या बंधूंच्या पाठीशीं कोणताही राजा नव्हता.

सव्वादोनशें वर्षांनंतर जे फ्रान्सिस्कन वसईस आले त्यांची गोष्ट निराळी. पायांत जोडा नव्हता, दोरीच्या तीन गांठी त्याच होत्या, पण मागें पोर्तुगालच्या राजाचें आरमार होतें. अंतोनियो दो पोर्तो या बंधूंनीं सोळाव्या शतकाच्या मध्यांत वसई प्रांतांत पुष्कळ काम केलें. पोरक्या मुलांस सांभाळिलें, शाळा काढिल्या. त्याच काळांत बोरिवलीजवळील मंडपेश्वराच्या शैव लेण्याचें ख्रिस्ती प्रार्थनामंदिर झालें आणि वरच्या बाजूस विद्यालय उभें राहिलें. आज तेथें त्या इमारतीच्या भिंती मात्र उभ्या आहेत. १७३९ सालीं मराठ्यांनीं वसई घेतल्यावर तें वैभव संपलें. आम्ही त्या बंधूंच्या श्रमांस कमी लेखीत नाहीं. पण ज्यास दुसऱ्याचें देवस्थान राजाच्या बळावर मिळतें, त्याच्या झोळींत पैसा नसला म्हणून तो अकिंचन म्हणावा काय, हें वर्गानें ठरवावें.

त्याच वसईत सुमारें १५५६ सालीं गोन्सालो गार्सिया यांचा जन्म झाला. बाप पोर्तुगीज, आई इकडचीच. येशूसंघाच्या शाळेंत ते शिकले, त्या पाद्र्यांबरोबर जपानास गेले, आणि तेथील भाषा उत्तम बोलूं लागले. येशूसंघांत घ्यावें अशी त्यांची फार इच्छा होती. पण ती पुरी झाली नाहीं. मग ते व्यापारांत पडले व त्यांत त्यांची भरभराट झाली. पुढें फिलिपाईन बेटांत मनिला येथें फ्रान्सिस्कन बंधूंची संगत घडली, आणि हा यशस्वी व्यापारी सर्व सोडून त्यांच्यांत साधा बंधु म्हणून राहिला. पुरोहित ते कधींच झाले नाहींत. १५९३ सालीं पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर दुभाषी होऊन ते पुन्हा जपानास आले, आणि सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी यांच्यापुढें बंधूंचे शब्द यांच्याच तोंडून गेले. क्योतो येथें बंधूंनीं महारोग्यांसाठीं रुग्णालय चालविलें. १५९६ च्या अखेरीस त्यांस धरण्यांत आलें; कानाचा तुकडा कापून, शहरांतून मिरवून, हिंवाळ्यांत नागासाकीपर्यंत चालवीत नेलें; आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं सव्वीस जणांस वधस्तंभावर देण्यांत आलें. त्यांत सहा फ्रान्सिस्कन होते, तीन येशूसंघाचे होते, व बाकीचे जपानांतील साधे विश्वासू होते. १८६२ सालीं रोमी मंडळीनें त्यांस संतपद दिलें. वसईस गास येथें त्यांच्या नांवाचें मंदिर आहे. संतांस प्रार्थना करण्याची रीत आमची नव्हे. पण कोंकणांतील आईचा हा मुलगा महाराष्ट्रांतील सर्व ख्रिस्ती लोकांचा आहे, आणि आमच्या मुलांस त्याचें नांवही ठाऊक नसावें ही खेदाची गोष्ट आहे.

मार्टिन लूथर स्वतः भिक्षु होते व त्यांनींच १५२१ सालीं अशा व्रतांविरुद्ध ग्रंथ लिहिला, हें आमच्या वाचकांपैकीं कांहींस ठाऊक असेल. त्यांचा मुख्य आक्षेप असा कीं, व्रतानें तारण मिळतें अशी समजूत झाली, आणि बाप्तिस्म्यानें जें सर्वांस सारखें सांगितलें आहे तें कांहीं थोड्यांचें विशेष पुण्य ठरलें. हा आक्षेप खरा होता व आजही आहे. पण या आक्षेपाच्या आड लपून आम्हीं श्रीमंत तरुणाची गोष्ट फक्त त्या तरुणासाठींच होती असें मानूं लागलों, तर तें लूथर यांसही आवडलें नसतें.

महाराष्ट्रांतील प्रॉटेस्टंट मंडळींतही ही तळमळ उठली. रेव्ह. नारायण वामन टिळक यांनीं १९१७ सालीं मिशनचा पगार सोडला व ख्रिस्ती संन्याशाची वृत्ति पत्करिली. लक्ष्मीबाई व संसार असतांनाच. फ्रान्सिस यांनींही घरांत राहणाऱ्या स्त्रीपुरुषांसाठीं निराळा संघ ठेविला होता, हें येथें लक्षांत घ्यावें. १९२२ सालीं नगर जिल्ह्यांत काम केलेले अँग्लिकन मिशनरी जॅक विन्स्लो यांनीं ख्रिस्त प्रेम सेवा संघ स्थापिला. पुढें त्याचा आश्रम पुण्यास शिवाजीनगर येथें झाला. देशी व विलायती बंधु एका पंक्तीस बसत, खादी नेसत, आणि फ्रान्सिस यांस आपला आदर्श मानीत. त्या संघांतून व्हेरियर एल्विन व आपले मराठी बंधु शामराव हिवाळे हे १९३२ सालीं मैकल डोंगरांत, तेव्हांच्या मंडला जिल्ह्यांतील करंजिया येथें गोंडांमध्यें राहावयास गेले. मातीच्या झोंपडींत त्यांनीं आश्रम मांडिला व त्यास संत फ्रान्सिस यांचें नांव दिलें. शाळा, औषधपाणी, आणि महारोग्यांसाठीं निवारा. नागपूरचे बिशप अलेक्स वुड यांचें व एल्विन यांचें जमलें नाहीं, परवाना मिळाला नाहीं. हे बिशप पूर्वीं आपल्या चांद्याच्याच स्कॉटिश मिशनांत होते. एल्विन यांनीं १९३५ सालीं मंडळी सोडली व १९४० सालीं गोंड मुलीशीं विवाह केला, तो टिकला नाहीं. त्यांचा मार्ग शेवटीं फ्रान्सिस्कन राहिला नाहीं हें उघड आहे. परंतु गोंडांच्या गांवांत साहेब बंगल्यावांचून, धाकावांचून राहूं शकतो हें लोकांनीं तेथें पाहिलें. आणि त्या जागीं शामराव पुष्कळ वर्षें टिकून राहिले, ज्यांचें नांव आमच्याच लोकांत कमी घेतलें जातें.

वर्गाच्या चर्चेसाठीं आम्ही एक विषय सुचवितों. मिशनांनीं सोडलेल्या जागा, बंगले व शाळा यांवरून महाराष्ट्रांत ठिकठिकाणीं आमचेच लोक आमच्याच लोकांविरुद्ध कोर्टांत उभे आहेत. गरिबांच्या उपयोगाची जागा लबाडाच्या हातीं जाऊं न देणें हें पंचांचें कर्तव्य आहे, आणि कायदा त्यासाठींच आहे. तरी फ्रान्सिस यांनीं बिशपास दिलेलें उत्तर पंचांनीं एकत्र बसून वाचावें, आणि आपल्या मंडळीजवळ जें आहे त्यांतलें कोणतें गरिबांसाठीं राखिलें जात आहे व कोणतें केवळ राखण्यासाठीं राखिलें जात आहे याची यादी करावी. कापणीच्या सणास बायका जे मुठीमुठीनें तांदूळ आणतात, त्यांचा हिशेब या यादींत प्रथम लिहावा. फ्रान्सिस यांच्या बंधूंस नाणें घेतां येत नसे. पण ती मूठ त्यांनीं आनंदानें घेतली असती, व संध्याकाळच्या आंत कोणास तरी वाढून टाकिली असती.